गाडीतलं जुनं ऑइल

मुलांनो, नंदुरबारच्या बसस्टँडमागे एक मेकॅनिक आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आजोबा गेल्यापासून वर्षभरात आपली गाडी जेमतेम तीनशे किलोमीटर चालली. पुस्तिकेत लिहिलंय, ऑइल दहा हजारांनी किंवा वर्षाने बदला. दारावरचं स्टिकर म्हणतं, पाच हजारांनी. दोन्ही मी त्याला वाचून दाखवलं. त्याने तेलाचा थेंब बोटांत चोळून हुंगला.

"ह्यांनी भरलेलं आहे," मी म्हणाले. "राहू दे ना."

"आजी, गाडी उभी ऱ्हायनी तरी तेल म्हातारं व्हस."

मी पुस्तिका मिटली. शेवटी "बदल" म्हटलं. त्याने न विचारताच थोडं काळं तेल बाटलीत भरून माझ्या हातात दिलं. बाटलीवर मी तारीख लिहिली आहे. ती कोणत्या कपाटात ठेवायची, तेवढं मात्र कळत नाही.