वालावलच्या देव्हाऱ्यातलं नाणं

आबांनी नाण्याला कडी जोडायला गॅसची बत्ती पेटवली आणि मी म्हटलं, “आबा, वायच थांबा.”

गिऱ्हाईक समोर असताना मी कधी बोलत नाही. आबांनी चमकून पाहिलं, पण बत्ती बंद केली.

मी मालवणात आबा सोनारांकडे पॉलिशचं काम करते. दागिना रिठ्याच्या पाण्यात भिजवायचा, मऊ ब्रशने घासायचा. चौथीपर्यंतच शिकले, पण चांदी हाताला कळते.

वालावलच्या मालतीकाकींनी सासूकडून आलेलं चांदीचं नाणं आणलं होतं. त्यांच्याकडे ते लक्ष्मी म्हणून पुजायचे. चार दिवसांनी मुलीचं लग्न होतं. नाण्याला कडी जोडून तिच्या गळ्यात घालायचं होतं. दरवर्षी चिंच-राखेने घासून वरची बाजू पार गुळगुळीत झाली होती. खालची देव्हाऱ्यातल्या तांदळावर टेकलेली, तिला फारसं कोणी घासलं नव्हतं. धुताना तिथे माझ्या अंगठ्याला बारीक उंचवटे लागले.

“खालसून अक्षरां आसत,” मी म्हटलं.

आबांनी डोळ्याला भिंग लावलं. मग नाणं मऊ मेणावर दाबलं. असा ठसा घेतला की झिजलेलं कामही नजरेला सापडतं. तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, भोवती अक्षरं. ठशाचा फोटो त्यांनी ओळखीच्या इतिहासाच्या सरांना पाठवला. लगेच फोन आला.

“क्षत्रप राजांचं असावं. दीड हजार वर्षांहून जुनं. दुसऱ्या बाजूला राजाचा चेहरा असतो. नाव वाचता येत नाही, म्हणून खात्री देत नाही. पण तापवू नका. इतकी जुनी चांदी तडकते.”

काकींचा चेहरा उतरला. “मगे आमी इतकी वर्सां पुजला ता कोणाक?”

“राजाक,” आबा म्हणाले. “दर वर्साक तेचा तोंड घासून पुसलात, तरी शाप दिल्यान नाय. बरो माणूस होतो.”

काकी हसल्या आणि हसता हसता डोळे भरले. “पण माझ्या चेडवाच्या गळ्यात काय घालू?”

आबांनी चांदीची गोल चौकट केली. कडी तिलाच जोडली. चौकट थंड झाल्यावर नाणं आत बसवून काठावरच्या चार नख्या हाताने त्यावर दुमडल्या. नखी घट्ट झाली तर नाणं चिरणार, सैल राहिली तर पडणार. सत्तरी ओलांडलेला हात जराही हलला नाही.

नवरीने ते लग्नात घातलं, अक्षरांची बाजू वर. राजा कोण, ते अजून ठरलेलं नाही.

पॉलिश हे माझं काम. पण जुन्या वस्तूला ते सगळ्यात शेवटी करायचं, आणि कधी कधी करायचंच नाही.