चारूची वाटी जर्मनीत

आटपाट फैजपूर होतं. तिथे एक आजी होती, म्हणजे मीच. आजीला धुळ्याकडची सून होती, सुनेला चारू नावाची लेक होती. चारू जळगावच्या कॉलेजातून पाच महिन्यांसाठी जर्मनीला शिकायला गेली अन् घरात किस्सेच किस्से झाले! केळीचा एक घड उतरवावा तर बुंध्याशी पिलं उभीच, तसं.

पहिल्याच फोनवर पोरगी रडली. "आजी, इथं कुणी कुणाशी बोलत नाही. महिनाभर बघते, नाहीतर तिकीट काढून परत येते."

सून म्हणे, "येऊ दे माय! पोर एकटी शे तठे."

मी म्हटलं, "महिना तर होऊ दे."

*

होस्टेलच्या न्हाणीत बादलीच नाही! मी म्हटलं, "शोध नीट. बादलीशिवाय न्हाणी असते का?" कपाटात एक निळी सापडली. आठ दिवस मजेत अंघोळ! नवव्या दिवशी शेजारच्या खोलीतली हाना म्हणाली, "किती कष्टाळू गं तू! रोज फरशी पुसतेस?"

*

आमच्या गल्लीत दिवसा दार लावलं की शेजारीण विचारते, "काय झालं वं, बरं नाही का?" म्हणून मी चारूला सांगितलेलं, दार उघडं ठेव, माणसं आपोआप येतील.

आली की! जो आला त्याने हळूच दार ओढून घेतलं अन् निघून गेला. हाना तर वर "सॉरी" म्हणाली.

"सॉरी कशाचं?"

"तेच कळत नाही ना आजी!"

*

एकदा तिने व्हिडिओ कॉलवर फ्रिज दाखवला. चार पोरी, चार खण, चार नावांच्या चिठ्ठ्या. मला वाटलं, वाटण्या झाल्या! "भांडलात का गं?"

"नाही आजी. आम्ही अजून धड बोललोच नाही!"

*

मग तिने शेवभाजी केली. शेव आईने बॅगेत कोंबलेली. आपल्याकडे काही चांगलं केलं की शेजारी वाटी जाते. चारूने स्टीलची वाटी भरून हानाच्या खणात ठेवली. सकाळी वाटी चारूच्या खणात! पुन्हा ठेवली, पुन्हा परत. शेवेचा पार लगदा झाला.

तिसऱ्या दिवशी वाटीवर चिठ्ठी, "तुझी वाटी सारखी माझ्या खणात येते. जागा पुरत नाही का? माझा अर्धा खण घे."

सून हसून हसून लोळली. मला मात्र काही उमगेना. अर्धा खण द्यायला तयार, अन् वाटीभर भाजी घेत नाही. कसली माणसं!

*

महिना भरत आला. चारूने पुन्हा भाजी केली अन् या वेळी वाटी हानाच्या हातातच दिली. "ही तुझी. खा." नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण पोरीने संपवली! संध्याकाळी वाटी परत आली. घासलेली, पुसलेली, लख्ख. अन् रिकामी.

चारूचा चेहरा उतरला. "आजी, बाबांना तिकीट बघायला सांग."

मी म्हटलं, "आधी त्या हानाला फोनवर घे." मी आपल्या बोलीत बोलले, चारूने तिला इंग्रजीत सांगितलं. "पोरी, वाटी छान घासलीस. पण शेजारणीची वाटी रिकामी परत करत नसतात. चिमूटभर साखर तरी घालतात."

हाना गोंधळली. "पण साखर तर हिच्याकडे आहे!"

"असू दे! तरी घालतात."

तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाटी उचलली अन् गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारूचा फोन. खोलीचं दार सताड उघडं. टेबलावर आमची वाटी, शिगोशीग साखरेने भरलेली! अन् तिच्या बाजूला पाच भांडी. एकात सूप, एकात सफरचंदाचा केक, बाकीच्यांत काय ते देव जाणे. हानाने वाटीची रीत अख्ख्या मजल्याला सांगितलेली.

सून म्हणाली, "बठ्ठं खरं, पण तिकीट कधीचं काढायचं?"

"तिकीट कसलं आई! ही पाच भांडी भरून परत द्यायची आहेत. अन् आता रिकामं कुणीच परत करत नाही!"