एक पेपर सोड फक्त

आमच्या कॉलेजात कबड्डीच्या पोरीला पास व्हायलाही परवानगी लागते, हे मला तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कळलं.

तोवर मी कॉलेजची मालकीणच होते. देवळालीच्या मैदानावर मी एका चढाईत पाच जणी बाद केल्या, आणि शिट्टी फुंकायला मध्ये आलेला पंच धरला तर सहा. वर्गात मी कधी गेलेच नाही, असं मात्र म्हणू नये. पहिल्या वर्षी एकदा गेले होते, मैदानावर मंडप घातला होता म्हणून. हजेरीचं आमचे खेळाचे सर बघायचे. असाइनमेंट सुवाच्य अक्षराच्या पोरी लिहायच्या, खाली सही तेवढी मी ठोकायची. पेपरच्या आधी दोन दिवस गाइड चाळायचं, वरून खेळाडूंचे वाढीव गुण. अशी मी पाच सेमिस्टरं पार केली.

मला बी.पी.एड. करून शाळेत खेळाची बाई व्हायचं होतं. त्याला आधी पदवी लागते. बाकी मागणं नव्हतं.

शेवटच्या पेपरला दोन दिवस असताना सरांनी जिमखान्यात बोलावलं. आमची कॅप्टन तिथंच बुटाची नाडी बांधत होती.

"अर्थशास्त्राचा पेपर सोड," सर म्हणाले. "एकच. फक्त एक."

"म्हंजे नापास?"

"म्हंजे नाव कॉलेजातच राहतं. नियमात कसं बसवायचं ते माझ्याकडं लागलं. औंदा फायनलला हारलो. तुझ्याबिगर चढाईला हाय कोन?"

"आन् माझं बी.पी.एड.?"

"ते कुठं पळून चाललंय? हिला बघ. तीन वर्षं झाली हाच पेपर सोडतीय. काय तक्रार हाय का?"

कॅप्टनची नाडी काही बांधून होईना. बाहेर आल्यावर म्हणाली, "पयल्या साली मीबी लई भांडले. मग नवा ट्रॅकसूट भेटला."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या आगीवर अख्ख्या हॉस्टेलच्या भाकरी भाजून निघाल्या असत्या. वर आणखी, आधीचा पेपर झाल्या झाल्या आमची हॉलतिकिटं 'शिक्क्याला' म्हणून सरांनी जमा करून कपाटात कुलूपबंद केलेली. दोन दिवस मी खोल्याखोल्यांतून फिरले आणि सरांचं काय काय करणार आहे ते प्रत्येकीला सांगितलं. ते ऐकायला मेसच्या मावश्याही यायच्या. गाइड उशाला पडून होतं. ते उघडायला मला सवड कुठली?

पेपरच्या सकाळी जिमखान्यात गेले. "सर, हॉलतिकीट."

"किल्ली घरी राह्यली."

"मग कपाटच नेते." आणि मी ते लोखंडी कपाट मिठी मारून उचललं. म्हणजे हलवलं, पण उचललं असंच मी सगळीकडं सांगते. वरची शिल्डं धडाधड खाली आली. मी जी आरोळी ठोकली ती कर्जतपर्यंत गेली, आणि त्या दिवशी तिकडच्या म्हशींनी धारच दिली नाही म्हणतात. घरी राहिलेली किल्ली सरांच्या खिशातून निघाली.

हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून अर्थशास्त्राच्याच मॅडम. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुठल्या विषयाची गं तू?"

"तुमच्याच, मॅडम."

"हो का?" त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पहिला प्रश्न होता, तुटीचा अर्थभरणा म्हणजे काय ते स्पष्ट करा. मी बैठक क्रमांक छान कोरून लिहिला. मग समास आखला. सरांना शिव्या घालायला तीन तास मोकळे होते, पण शिव्या तिकडं जाईनात. हॉलतिकीट त्यांनी लपवलं होतं, तुटीचा अर्थभरणा नव्हता लपवला. तो गाइडात होता, माझ्या उशाशी.

नापास झाले. सर पेढे घेऊन आले. नापास झालेल्या पोरीला पेढे! "बघ, देवाच्याच मनात हुतं. उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये."

मी पेढा खाल्ला. त्या बिचाऱ्याचा काय दोष. "मी खेळनार न्हाई. वर्गात बसनार."

"मग हॉस्टेलची खोली सोड. ती खेळाडूची हाय."

सोडली. वर्षभर गावाहून दोन एसट्या बदलून येत होते, तेही उभ्यानं. मॅडमनी नापास पोरीला वर्गात बसू दिलं. पहिल्या बाकावर मी बसले की मागच्या चार ओळींना फळा दिसायचा नाही. तिकडं आमचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला. कॅप्टनने मला कँटीनमध्ये गाठलं.

"तुझ्यामुळं हारलो."

"व्हय. चल वर्गात. पेपर जवळ आलाय, मी शिकवते तुला."

"तू? मला?" ती एवढ्या जोरात हसली की चहा सांडला. मग हळूच म्हणाली, "सर म्हनलेत, पुढच्या साली नक्की जिंकू."

मी तिला धरून नेणार होते. माझ्या पकडीतून सुटलेली पोरगी जिल्ह्यात नाही, पण ही सुटली.

यंदा परीक्षेला आमच्या दोघींचे नंबर मागेपुढे आले. पुढच्या बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिलेला. अर्धा तास होऊनही बाक रिकामंच, तेव्हा मॅडमनी यादीत तिच्या नंबरापुढे लाल पेनाने 'गैरहजर' लिहिलं. मला असा संताप आला की ते बाक उचलून जिमखान्यावर फेकावं, आणि या वेळी ते खरंच उचललं गेलं असतं. पण अडीचच तास उरले होते. मी दुसरा प्रश्न वाचला आणि लिहायला लागले.