पाळण्यावरचा दुसरा राघू

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आणि घाबरण्याचं इतरांकडे, अशी जुनी वाटणी आहे. त्यामुळे हे वाचून भाचे-पुतणे म्हणतील, "अण्णांनी आणखी एक थाप मारली." म्हणोत बापडे. मला त्यांच्यापेक्षा त्या मशीनचा राग जास्त आहे.

मी मुरुडला ड्रॉईंग मास्तर. आमची लेक कुसुम दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पहिल्या खेपेला आम्ही हौसेनं पाळणा आधीच आणून टांगला होता... तो रिकामाच उतरवावा लागला. तेव्हापासून घरात न बोलता ठरून गेलं – मूल जन्मून रडल्याशिवाय पाळण्याच्या लाकडाला हत्यार लावायचं नाही.

आता बारसं बाराव्या दिवशी. तेवढ्यात नक्षीचा पाळणा कोण करून देणार? म्हणून शिमग्याच्या सुट्टीत मुंबई गाठली आणि जुन्या बाजारातून पायानं चालवायची नक्षीची करवत आणली. खाली शिवणाच्या मशीनसारखं पायटं, वर लोखंडी मान आणि मध्ये जाड केसाएवढं पातं. विकणारा म्हणाला, "मास्तर, विलायती माल! तुमच्या नातवाला पण चालेल." घरी मात्र सांगितलं, गणपतीच्या मखरासाठी आणली. कुणाला पटलं नाही, पण कुणी खोडलंही नाही.

आगबोटीतून होडीत उतरवून घेताना नाखव्यानं विचारलं, "मास्तर, शिवाची मशीन हाय का?"

"नाही रे, कापायची."

"मंग हिच्यापायी बायकोची बोलणी खाशील, बग."

खाल्ली. खाऱ्या हवेनं आठवड्यात गंज चढला. खोबरेल घातलं, तर ते चिकटून मशीनची मान आखडली. शेवटी नाखव्याकडून मुशी माशाचं तेल आणलं – होडीला लावतात ते. गंज थांबला, पण ओटीवर बसून कुणाला घास उतरेना. ही म्हणाली, "ओटीवर मासळीबाजार भरवलातच आहे, आता देवघरात बोंबील वाळत घाला." त्यात पाऊस लागल्यावर चामड्याचा पट्टा सैल पडला. पाती तर नुसत्या शिंकेनं तुटत. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणजे मुंबईहून नवी पाती येणंही बंद. उरलेली मी सोन्यासारखी जपून ठेवली.

श्रावणात कुसुमला मुलगा झाला. चांगला दणकून रडला. पण कुसुम झोपेना. सारखी बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. डोळे खोल गेले, अन्न जाईना.

मी दारातून म्हटलं, "तू पड जरा, मी लक्ष ठेवतो."

"अण्णा, तुम्ही बसल्याबसल्या घोरता."

खरं होतं ते. पाळणा करण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं.

पाळण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक राघू काढायचा होता. जाळीकामाची रीत अशी की, दोन पातळ फळ्या एकीवर एक ठेवून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या आणि दोन्ही एकदम कापायच्या. म्हणजे नक्षी हुबेहूब येते. मी गिरमिटानं आरपार भोक पाडलं, त्यातून पातं ओवलं आणि राघूचा डोळा गोल कापला. मग चोच, पंख, शेपूट. एकही पातं तुटलं नाही! मी खुशीत चुका उपटल्या.

वरच्या राघूला डोळा होता. खालच्याला नव्हता.

चोच, पंख, शेपूट जिथल्या तिथे, आणि डोळ्याच्या जागी सपाट लाकूड. पातं आरपार गेल्याशिवाय वरचा डोळा कापलाच गेला नसता, हे शाळेतलं पोरही सांगेल!

शेजारच्या गोपाळ सुताराला हाक मारली. तो म्हणाला, "तुमी फळी बदलली, मास्तर."

"घरात दुसरी फळी कुठाय?"

"मंग पावसाळी हवा. लाकूड फुगलं नि भोक बुजलं."

"तुझ्या छपराची भोकं का बुजत नाहीत रे मग?"

त्यानं चिडून आपलं गिरमिट त्या जागी लावलं. टोक मोडलं. "गाठ हाय," म्हणाला. गाठ ना त्याला दाखवता आली, ना मला दिसली. तेवढ्यात मशीनखालचा भुसा झाडता झाडता ही थांबली आणि हात पुढे केला. तळव्यावर गुंजेएवढ्या गोल टिकल्या. दोन.

डोळे दोन पडले होते आणि भोक एकच!

आता मात्र माझं डोकं फिरलं. बारसं उद्यावर आलेलं, दुसरं लाकूड नाही आणि पाळण्यावर असला आंधळा राघू! "चुलीत घालतो ही फळी," मी ओरडलो.

"अण्णा, ओरडू नका," बाळंतिणीच्या खोलीतून कुसुम म्हणाली. "दाखवा इकडे."

हिनं फळी नेऊन दिली. कुसुमनं त्या सपाट जागेवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ फिरवत होती.

"आंधळा कुठाय? झोपलाय तो. हा माझ्या बाजूनं लावा. पलीकडचा जागा आहे ना? तो बघेल बाळाकडे."

बारशाचं जेवण उरकलं, बायका पांगल्या. मी खोलीत डोकावलो, तर बाळ पाळण्यात टक्क जागं, हातपाय झाडत पडलेलं. आणि कुसुम? तोंड उघडं टाकून थेट माझ्यासारखी घोरत होती. तिन्हीसांजा होईपर्यंत हिनं घरात कुणाला खोकूसुद्धा दिलं नाही.

त्यानंतर मी त्याच मशीनवर कितीतरी जोडफळ्या कापल्या – मोर, हत्ती, पुन्हा राघूसुद्धा. दर वेळी दोन्ही फळ्यांवर व्यवस्थित डोळे! त्या दोन टिकल्या माझ्या तपकिरीच्या डबीत आहेत, कुणालाही दाखवीन. मशीन मात्र अजून गंजते, अजून वास मारते. विकायला काढली की ही म्हणते, "असू दे. कुसुमची अजून एक खेप व्हायचीय."

कुणा वाचकाला याचा उलगडा होत असेल तर जरूर लिहावं. फक्त 'लाकूड फुगलं असेल' असं लिहू नये. ते गोपाळनं सांगून झालंय.