जंगूबाईच्या घराची गिऱ्हाइकं

लिलावाच्या दिवशी मी घरी आली की नवरा पहिले माह्या तोंडाकडं पाहते अन् मगच बोलते. अहेरीच्या एका पतसंस्थेत मी वसुलीच्या टेबलावर बसते. लिलावात अटी वाचून दाखवाचं काम माह्यं. तिथी एकेक नमुना असा भेटते की डोकं भणभणते, अन् कोणाले सांगितल्याबिगर जेवण जात नाई. असे किस्से साचून साचून ढीग झाला. आज एकाच घराचे सांगते, नाईतर रात्र पुराची नाई.

घर जंगूबाईचं. अहेरीच्या बाहेर रस्त्याले लागून, समोर तिची चहाची टपरी. बाई विधवा, घरात एकटी. दिरानं आमच्या संस्थेचं कर्ज काढून पिकअप गाडी घेतली, ही जामीन राह्यली. दीर गाडी घेऊन तेलंगणात पसार झाला, अन् संस्थेची नोटीस चिकटली जंगूबाईच्या दारावर. घर गेलं की टपरी गेली, अन् टपरी गेली की बाईनं खावं काय? कागदावर सारं बरोबर होतं. मले ते कधीच बरोबर वाटलं नाई, अन् संस्थेच्या साहेबाच्या तोंडावर मी तसं बोललीही.

*

पहिला नमुना म्हणजे नुसता पाहणारा. याले घ्याचं काईच नसते. पाहणीच्या दिवशी हजर, भिंतीवर टकटक करून पाहीन, दार उघड-बंद करीन. जंगूबाईच्या घरी असाच एक रिटायर माणूस आला. छपराचे कवेलू मोजले, न्हाणीत डोकावला, मग बाजेवर ऐसपैस बसला अन् तिलेच चहा मागितला.

बाईनं दिला. काऊन दिला ते तिलेच माहीत. यानं फुर्र करून घोट घेतला अन् कप हातात धरूनच विचारलं, "बाई, मग घर केव्हा खाली करता?"

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता, तो मी अंगणात ओतला.

*

दुसरा वास्तुवाला. चंद्रपुरातून गाडी करून आला, अन् मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून महाराजाले घर दाखवत फिरून राह्यला. चूल दाखव, दार दाखव, विहीर दाखव. तिकडून महाराज स्पीकरवर सांगतात की चूल चुकीच्या दिशेले हाये, या घरात लक्ष्मी टिकत नाई. अन् हा जंगूबाईकडं पाहून मान हलवते, जसं काई तिचाच गुन्हा.

मी म्हटलं, "अरे भाऊ, लक्ष्मी टिकली असती तर तू इथी आला असता का?"

तरी दोन घंटे खाल्ले त्यानं. मग मी अटी वाचल्या. जागा आदिवासीची हाये, आदिवासीच घेऊ शकते, दुसऱ्याच्या नावावर होत नाई. हे नोटिशीतही लिहून होतं. यानं महाराजाले सारं घर दाखवलं, नोटीस काई वाचली नाई. जाता जाता माह्यावरच चिडला, की मॅडम, पहिले सांगाले काय झालं होतं.

*

तिसरा नेता. पांढरेफेक कपडे, सोबत फोटो काढणारा. लिलाव सुरू व्हाच्या आत टपरीसमोर उभा राहून भाषण ठोकलं की गरीब बाईची एक इंच जागा जाऊ देणार नाई. जंगूबाईच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. बाईच्या डोळ्याले पाणी आलं हो! तिले वाटलं, आला कोणीतरी आपला. त्या दिवशी बोलीच लागली नाई, तर तेही यानं आपल्याच नावावर खपवलं.

फोटो झाल्यावर भाऊसाहेब माह्या टेबलाजवळ आले अन् वाकून हळूच विचारलं, "मॅडम, शेवटी कितीपर्यंत सुटीन? आपला एक माणूस हाये."

*

दुसऱ्या लिलावाले जो आला, त्याले पाहून माह्यं रक्त उसळलं. जंगूबाईचा दीर! नवी बुलेट, नवे बूट, डोळ्यावर गॉगल. पिकअप तिकडंच विकून मोकळा झाला होता. आला, खुर्ची ओढली अन् बोली लावाले बसला. जंगूबाई समोर उभी होती, तिच्याकडं पाहण्याची हिंमत नव्हती, पण बसला.

मी विचारलं, लाज नाई वाटत? तर म्हणते, "घरचं घर बाहेरच्याले कशाले जाऊ द्याचं?"

थकबाकीदाराले बोली लावता येत नाई, ही अट मी त्या दिवशी इतक्या मोठ्यानं वाचली की रस्त्यावरचे लोकं थांबले. शिपायानं त्याले बाहेर काढलं. मले तेवढ्यानं काई समाधान झालं नाई.

*

तिसऱ्या लिलावाले घर गेलं. घेणारा मंगरू, जंगूबाईच्याच जमातीचा. कागदावर मंगरू. खरा घेणारा त्याचा मालक, राईस मिलवाला सेठ. सेठले रस्त्यावर ढाबा टाकाचा होता, पण आदिवासी नाई म्हणून त्याचं नाव चालत नव्हतं, तर त्यानं आपला ड्रायव्हर मंगरूच खुर्चीवर बसवला. सेठ मागून बोट दाखवे, मंगरू आकडा बोले. साऱ्याइले दिसत होतं. साहेब पंख्याकडं पाहत बसले. मी बोलली, तर मलेच गप्प केलं.

ताबा द्याच्या दिवशी मी साहेबासोबत गेली. जंगूबाईनं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. बाज, भांडी, टोपल्याखाली दोन कोंबड्या. रडत नव्हती. मलेच पाहवत नव्हतं.

सेठची गाडी आली, मंगरूच चालवत होता. साहेबानं त्याची सही घेतली अन् घराची किल्ली त्याच्या हातात दिली. सेठनं लगेच हात पुढं केला. मंगरूनं खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली अन् ती सेठच्या हातावर ठेवली.

"सेठजी, गाडी तुमच्या नावाची हाये. घर माह्या नावाचं हाये."

मग जंगूबाईकडं वळून गोंडीत काईतरी बोलला. बाईनं बाजेचं एक टोक धरलं, दुसरं मंगरूनं धरलं, अन् बाज आत नेली.

सेठ साहेबावर ओरडला, पैसा माहा हाये म्हणून.

साहेब म्हणाले, "तसं लिहून देता?"

सेठनं कपाळावरचा घाम पुसला, किल्लीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. सेठले गाडी चालवता येत नाई, हे आमच्याकडं साऱ्याइले माहीत हाये. साहेब आपल्या मोटरसायकलवर निघून गेले. मी स्कूटी सुरू केली, तर सेठ जवळ आला.

"मॅडम, अहेरीपर्यंत सोडून देता का?"