कपाटातली केळी आणि फिलूची फाइल

मी स्वभावाने अत्यंत शांत माणूस आहे. आमच्या वसईच्या पापडीत कुणालाही विचारा. (फक्त आमच्या घरात विचारू नका, शेजारी विचारू नका आणि बाजारात तर मुळीच विचारू नका.) पण माझ्या भावोजींनी पुण्याच्या लॉजवर जे केलं ते आठवलं, की इतक्या वर्षांनीसुद्धा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते!

बारावीची परीक्षा नवी नवी सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझी भाची फिलोमिना, आमची फिलू, चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुण्यातल्या एका शेतकी कॉलेजातून तिला मुलाखतीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी नऊ वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे. जागा मिळाली तर फिलू शिकणार, नाही मिळाली तर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं माझ्या थोरल्या बहिणीने, आग्नेसबायने, बजावून ठेवलं होतं. ते स्थळ मी पाहिलं होतं. जागा मिळणं फार फार गरजेचं होतं!

मी फोर्टात नोकरीला होतो आणि एकदा ऑफिसच्या कामाने नाशिकला लॉजवर राहिलो होतो. एवढ्या भांडवलावर पुण्यात लॉज निवडायचं काम माझ्याकडे आलं. ओट्यावर बैठक बसली. (आम्ही घरात आमच्या बोलीत भांडतो. तुमच्यासाठी सरळ मराठीत लिहितोय, त्यामुळे शिव्यांची धार जरा गेली आहे.)

"लॉज स्वस्त हवा," आग्नेसबाय म्हणाली.

"कॉलेजच्या जवळ हवा," फिलू म्हणाली.

"आणि जवळपास चर्च हवं. रविवारची मिस्सा चुकवायची नाही!" पुन्हा आग्नेसबाय.

"कपाट कसं असतं तिथे?" इनास भावोजींनी विचारलं.

"कपाटाचं काय करायचंय तुम्हाला?"

"विचारतोय आपलं," असं म्हणून त्यांनी विडी पेटवली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

रविवारी पहाटे निघालो. फिलूच्या छातीशी फाइल, माझ्या हातात बॅग आणि भावोजींच्या खांद्यावर केळ्यांचं अख्खं लोंगर! कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. कॉलेज म्हणजेही कुणाचं तरी दारच, असा भावोजींचा हिशोब. शिवाय दुसऱ्या हातात एक जड पिशवी.

"भावोजी, केळी हिरवीगार आहेत!"

"उद्यापर्यंत पिकतील."

"कशी पिकतील?"

"पिकतील म्हटलं ना, पास्कू!"

"आणि त्या पिशवीत काय आहे?"

"सामान."

आमच्या घरात कुणी सरळ उत्तर देईल तर शपथ! ठाण्याला एसटी बदलली, तेव्हा कंडक्टरने लोंगराचंही तिकीट मागितलं. त्याच्याशी मी खोपोलीपर्यंत भांडलो.

पुण्यात दुपारी पोचलो आणि मी एक नंबरचा लॉज शोधून काढला. कॉलेजच्या फाटकासमोर, स्वस्त, खोलीला दोन खिडक्या, छान वारा. भावोजी आत गेले, नाक वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "नको. वारा फार आहे."

दुसऱ्या लॉजवर कपाटाला दार नव्हतं. "नको." तिसऱ्या लॉजवर दार होतं, पण त्याला चार बोटं फट होती. "अजिबात नको!" उन्हात चालून चालून फिलूचा चेहरा लाल झाला होता, माझा रागाने झाला होता. भावोजी मात्र बैल पारखायला निघाल्यासारखे शांतपणे पुढे चालले होते.

चौथा लॉज एका बोळात होता. मॅनेजर, कपाळाला आठ्या असलेला एक सडपातळ गृहस्थ, स्वतःच संकोचून म्हणाला, "एकच खोली आहे. खिडकी नाही तिला. म्हणून स्वस्त देतो." आत भिंतीत एक सागवानी कपाट होतं. भावोजींनी त्याचं दार उघडलं, विडीचा एक झुरका घेतला, धूर कपाटात सोडला आणि फाटकन दार लावून फटींकडे बघत उभे राहिले. मी मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. धुराची एक रेघ बाहेर आली नाही.

"हीच घ्यायची!" भावोजी म्हणाले.

"अहो, खिडकी नसलेल्या खोलीत आपण तिघं गुदमरून मरू!"

"एका दिवसात कोण मरतंय?"

घेतली! काय करणार? मी फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. "लॉजवर भरवसा नाही. कागद इथे सुरक्षित राहतील," असं फिलूला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि तिला घेऊन कॉलेजचा रस्ता बघायला आणि तिथून संध्याकाळच्या मिस्सेला गेलो. भावोजींचे पाय दुखत होते म्हणे! मिस्सेला न येण्यासाठी त्यांचे पाय नेहमीच दुखतात.

परत आलो तर बोळात धुराचा वास आणि आमच्या दाराबाहेर मॅनेजर बादली घेऊन उभा!

"खोलीत चूल पेटवलीत काय हो?"

माझं डोकंच फिरलं. "आम्ही काय चुली पेटवणारी माणसं वाटलो तुम्हाला? वसईची घरंदाज माणसं आहोत! आमच्या खोलीत धूर निघाला तर आडनाव बदलीन!"

असं म्हणून मी दार ढकललं.

भावोजी खाटेवर मांडी घालून, बनियनवर, समाधानाने बसले होते. आणि कपाट धुमसत होतं! आता तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे केळी पिकवतात ती बंद खोलीत, धुरावर. मडक्यात गोवरी आणि भाताचा तूस धुमसत ठेवायचा, दार लावायचं, फटी लिंपायच्या, की दुसऱ्या दिवशी केळी पिवळीधमक. भावोजींनी पिशवीतून मडकं, गोवरी, तूस सगळं आणलं होतं. लिंपायला शेणमाती नव्हती, म्हणून लॉजचा साबण भिजवून फटींना फासला होता. वरच्या फटीचा साबण सुटला होता आणि तिथून धूर निवांत बाहेर येत होता.

मी काय करायला हवं होतं? कपाट उघडायला हवं होतं. पण नुकतंच मी आडनाव पणाला लावलं होतं! मी धावत जाऊन कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि पाठ टेकून उभा राहिलो.

"कपाट उघडा," मॅनेजर म्हणाला.

"नाही उघडणार! आमचं खासगी सामान आहे!"

"मामा," फिलू हळूच म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस!"

"अहो, कपाट लॉजचं आहे!" मॅनेजर ओरडला.

"पण धूर आमचा आहे!" भावोजी म्हणाले. (हा माणूस माझ्या बाजूने बोलत होता!)

"मामा, अहो कपाटात..."

"तू मध्ये बोलू नकोस म्हटलं ना! मोठी माणसं बोलतायत!"

मोठी माणसं चांगली दहा मिनिटं बोलली. मी मॅनेजरच्या लॉजचा उद्धार केला, त्याने आमच्या केळ्यांचा केला, आणि केळ्यांबद्दल ऐकल्यावर भावोजीही खवळले. शेवटी फिलूने हातातली बॅग जमिनीवर आपटली आणि किंचाळली, "कपाटात माझी फाइल आहे!"

मी किल्ली कुलपात घातली आणि घाईघाईने अशी पिरगाळली, की निम्मी हातात आली आणि निम्मी आत राहिली.

"फोडा! कपाट फोडा!" मी आता मॅनेजरच्या पाया पडायचा बाकी होतो. त्या भल्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर आणून बिजागऱ्या उखडायला सुरुवात केली.

"अजून बारा तास उघडू नका," भावोजी सांगत होते, "केळी कच्ची राहतील!"

दार निघालं, धुराचा लोट बाहेर आला आणि मॅनेजरने सवयीने बादली मारली. मी मध्ये होतो. त्या सगळ्या प्रकरणात माझा झाला तो एवढाच उपयोग. पाणी फाइलवर पडलं नाही, माझ्यावर पडलं. फाइल उघडली तर फिलूची सगळी प्रमाणपत्रं पिवळीधमक झालेली! केळी मात्र तशीच हिरवीगार. फिलू रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या खोलीबाहेर मी आणि भावोजी एकमेकांकडे पाठ करून उभे होतो. दार उघडंच होतं. आतल्या सरांनी फाइल उघडली आणि मागे सरकले.

"घराला आग लागली होती का?"

आमची फिलू लाजाळू. घरी भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगायची नाही. पण आदल्या दिवसापासून तिच्या पोटात राग साठला होता, तो आता बाहेर पडला.

"आग नाही सर, केळी!" मग ती थांबलीच नाही. तूस किती घ्यायचा, गोवरी ओली का चालत नाही, पुण्याच्या हवेत वेळ का जास्त लागतो, सगळं धडाधड सांगितलं. मध्ये मध्ये तिच्या वडिलांचा आणि मामाचा उल्लेख आला. तो मी इथे देत नाही.

"मग पिकली का केळी?" सरांनी हसत विचारलं.

"नाही सर. मामाने कपाट वेळेआधी फोडायला लावलं!"

सगळे सर खो खो हसले. जागा मिळाली! भावोजींनी ते हिरवं लोंगर तिथेच टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस झाकून ठेवायला सांगितलं. आणि पापडीला परतल्यावर ओट्यावर बसून ते सगळ्या आळीला सांगू लागले, "लॉज निवडताना कपाट बघावं लागतं. पास्कूला ते कळत नाही!" मी आठवडाभर त्या घरी गेलो नाही.

फिलू पुढे शेतकी अधिकारी झाली. त्या स्थळाकडच्यांना बियाण्याबद्दल सल्ला देण्याइतकी मोठी झाली. तिच्या प्रमाणपत्रांना म्हणे अजून पावसाळ्यात धुराचा वास येतो. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाला कॉलेज दाखवायला न्यायचं ठरलं, तेव्हा मी आपणहून म्हणालो, "लॉज मी बघतो."

"नको मामा," फिलू म्हणाली. "तुम्ही चिडता, आणि मग समोरच्याला बोलूच देत नाही."

"मी?" मी ताडकन उठलो. "मी कधी कुणाला बोलू दिलं नाही? एक उदाहरण सांग!"

"मामा, त्या दिवशी कपाटात..."

"तू मध्ये बोलू नकोस!"