सावडीचा दुसरा बैल

मनमाडला मोठी गाडी सोडली आणि निजाम सरकारच्या अरुंद रुळांवरच्या गाडीत चढलो. खिडकीची जागा मिळावी म्हणून मी एका वृद्ध गृहस्थांना सांगितले की मला गाडी लागते. ते खोटे होते. पण पहाटेच्या उजेडात दौलताबादचा किल्ला समोर आला तेव्हा त्या खोट्याचा मला फारसा पश्चात्ताप झाला नाही. डोंगर खालून तासून कुणी भिंत केली असावी असा तो दिसतो. गाडी वळत होती आणि किल्ला एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत येत होता. वृद्ध गृहस्थ मला प्रत्येक वेळी हात धरून दाखवत होते.

वाटेत करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी पेटी उघडायला लावली. आत वीस गायनपुस्तके होती.

"इतनी किताबें? दुकान डालने का इरादा है?"

"गाने की हैं. देवळात गायची."

त्याने एक पुस्तक उलटे धरून चाळले आणि परत ठेवले. "गाओ, मगर बराबर गाओ," म्हणाला आणि पुढच्या पेटीकडे वळला.

आमच्या साप्ताहिकाला परतूरच्या बाजूच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीची हकीकत हवी होती. तिथे राहता पाळक (धर्मगुरू) नाही. मंडळीतलेच तीन शेतकरी पंच म्हणून कारभार पाहतात. दर तीन महिन्यांनी बाहेरून पाळक येतात आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी) होते. ते येत्या रविवारी होते. त्या पंचांपैकी लक्ष्मण यांच्या घरी माझा मुक्काम ठरला होता आणि परतूर स्टेशनवर त्यांची बैलगाडी येणार होती.

शुक्रवारी सकाळी परतूरला उतरलो. बाहेर सरकीची पोती लादलेल्या गाड्यांची रांग होती. त्यांत माझी गाडी नव्हती. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक मनुष्य जवळ आला.

"पुण्याचे पाव्हणे तुमीच का? मी म्हाळू. लक्षुमनाच्या शेजारी राह्यतो. मेंढरं हायती माझी. गाडी न्हाई यायची. पायी चला."

"काय झाले?"

"बैल मोडला," म्हाळू म्हणाला आणि माझी पेटी डोक्यावर घेऊन चालू लागला.

तीन कोसांच्या वाटेत त्याने सगळी हकीकत सांगितली. ती मी नंतर दोन्ही घरांतून पडताळून घेतली.

लक्ष्मण थोरले, सामवेल धाकटा. थोरल्याचा जन्म बापाच्या बाप्तिस्म्याआधीचा आणि धाकट्याचा नंतरचा, म्हणून एकाच घरात ही दोन नावे. दोघांची राने वेगळी, चुली वेगळ्या, पण बैल प्रत्येकी एकच. म्हणून त्यांची सावड (दोघांनी बैल एकत्र करून आळीपाळीने दोघांची कामे उरकणे) होती. मागच्या रविवारी रानाला वापसा (पेरणीजोगी ओल) आला. या मंडळीत रविवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. लक्ष्मण देवळात प्रार्थना चालवत होते. उत्तरेकडे ढग भरून आले होते. पाऊस आधी पडला तर पेरणी आठवडाभर लांबेल, असा हिशेब करून सामवेलने भावाच्या गोठ्यातला बैल न विचारता सोडला, आपल्या बैलाशेजारी जुंपला आणि स्वतःचे रान पेरले. शेवटच्या वळणावर ओढ्याच्या कडेला लक्ष्मणांच्या बैलाचा पाय घसरला आणि मोडला. लक्ष्मणांचे रान पेरायचे राहिले.

"अन् मंगळवारी असा बेस्त पाऊस पडला," म्हाळू म्हणाला, "की सामेलाची जवारी बोटभर वर आली. देवानं बिलकुल मनावर घेतलं न्हाई."

"तुमच्यात असा नेम आहे का?"

"आमी सोमवारी जू लावत न्हाई. महादेवाचा वार. सामेल म्हनला, म्हाळूमामा, तुमच्यात आलो आस्तो तर रविवार मोकळा भेटला आस्ता. म्या म्हनलं, मंग सोमवारी पाय मोडला आस्ता."

काळ्या चिखलाने माझ्या उजव्या बुटाचा तळ ओढून घेतला. मी दोन्ही बूट हातात घेतले. ऊन स्वच्छ होते. दोन्ही बाजूंनी तिफणी (तीन नळ्यांची पेरणीची औजारे) चालल्या होत्या. बाया चाड्यावर (बियाण्याच्या लाकडी वाटीवर) मूठ धरून औतामागे चालत होत्या आणि प्रत्येक शेतातून बैलांना घातलेली साद येत होती. सगळा मुलूख एकाच घाईत होता. त्या घाईची लागण मलाही झाली आणि मी म्हाळूच्या पुढे चालू लागलो. मंगळवारच्या पावसाने वापसा पुन्हा आला होता. तो दोन दिवस टिकेल, फार तर तीन. त्यामुळे कुणाचाही बैल लक्ष्मणांसाठी मोकळा नव्हता. ज्वारी पेरली गेली नाही तर त्या घराला वर्षभर खायला आणि बैलाला कडबा, दोन्ही नव्हते.

लक्ष्मण अंगणात होते. उंच, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी रिबकाबाई भाकरी थापत होत्या. मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेला बैल निंबाखाली बसून होता. बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताक समोर आले. मी दुसरी भाकरी मोडली तेव्हा सामवेल दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"दादा, माफ कर," तो म्हणाला. "रोज येऊन वापस जाऊन राह्यलो. आज बोलतो. चुकलं माझं."

"माफ केलं," लक्ष्मण म्हणाले. "आत ये. बस."

रिबकाबाईंनी तव्यावरून नजर काढली नाही. "केलं माफ, बरं झालं. आता ती माफी चाड्यात घालून पेरता येती का, इचारा भाऊजींना."

सामवेल खाली बसला. मग लक्ष्मण म्हणाले, "सावड म्हंजी एक बैल तुझा, एक माझा. माझा बसला. उद्या दिस उगवायला तुझा बैल घेऊन रानात ये. माझ्या बैलाच्या जागी तू."

"येतो," सामवेल म्हणाला.

दिवस मावळताना देवळासमोर पंच बसले. देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती, वर पळाट्यांचे (कापसाच्या वाळल्या काड्यांचे) छप्पर आणि दारावर लाकडी क्रूस. रविवारी जू लावील त्याला पुढच्या प्रभुभोजनात भाकर आणि प्याला मिळत नाही, असा येथील नेम आहे. दोन पंचांनी तसे मत दिले आणि लक्ष्मणांकडे पाहिले. तुम्ही माफ केले आहे, तुमचे काय म्हणणे, असे त्यांनी विचारले.

"नेम आपुनच घातलाय. बसवा मागं."

सामवेलने मान हलवली. मला हे अनपेक्षित होते. घरी माफ केलेला भाऊ देवळात मागे बसणार होता. मी ते वहीत जसेच्या तसे लिहिले.

शनिवारी उजाडताच रानात पोचलो. जुवाच्या एका टोकाला सामवेलचा बैल आणि दुसऱ्या टोकाला सामवेल. खांद्यावर घोंगडीची घडी, तिच्यावर जू. एकट्याने बैलाच्या तोलाने ओढणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्या बाजूने दोर बांधला. दोराला म्हाळू लागला आणि त्याच्यामागे मी. लक्ष्मण तिफण दाबून धरत होते. रिबकाबाई चाड्यावर.

"पाव्हणं, लिहायचं सोडून हे काय?" त्यांनी विचारले.

"लिहायला काहीतरी लागेल ना."

"मंग सरळ चला. तास वाकडं गेलं तर पुण्यातून दिसंल."

पहिले तास (पेरणीची रेघ) वाकडेच गेले. बैल बिचकत होता. शेजारी माणूस आहे हे त्याला पटत नव्हते. तिसऱ्या तासाला तो सामवेलच्या पायाशी पाय मिळवू लागला आणि एकदम तिफण हलकी वाटली. तो क्षण मी विसरणार नाही. आम्ही पाच जण आणि एक जनावर एका वेगाने चाललो होतो. म्हाळू मेंढरांना घालायची साद आम्हाला घालत होता आणि ती लागू पडत होती. शेजारच्या रानातून कुणी ओरडले, "लक्षुमनदादा, नवा बैल किती दाती हाये?" सामवेलने ओठ वर करून दात दाखवले. त्या दिवशी रिबकाबाई पहिल्यांदा हसल्या.

दुपारी झाडाखाली उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि पुन्हा उभे राहिलो. माझ्या तळहातांची साल गेली. सामवेलचा खांदा घोंगडीसकट रक्ताने ओला झाला होता. रिबकाबाईंनी न विचारता आपल्या पदराची पट्टी फाडून त्यावर बांधली. मावळतीला बैल खाली बसला आणि उठेना. ओढ्याकडची एक पट्टी राहिली होती. सहा-सात फेऱ्यांची.

"सोमवारी," लक्ष्मण म्हणाले.

रविवारी कोरडा वारा सुटला. देवळात जाताना सामवेल त्या पट्टीजवळ थांबला. वाकून मूठभर माती दाबली. गोळा झाला. ओल होती. थोड्या वेळाचे काम, बैल ताजा, मी तयार. त्याने गोळा खाली ठेवला आणि पुढे चालू लागला.

पाळक घोड्यावरून आले होते. देऊळ भरले होते. नव्या पुस्तकांतली गाणी लोक पुस्तकांत न पाहताच म्हणत होते आणि झांजांच्या ठेक्याने छपराची धूळ पडत होती. मग भाकर मोडली गेली. ताट फिरवण्याचे काम लक्ष्मणांचे असते. त्यांनी एकेका ओळीला ताट दिले, मलाही दिले. शेवटची ओळ आली. तिथे सामवेल मान खाली घालून एकटा बसला होता. लक्ष्मणांनी ताट दुसऱ्या पंचाच्या हाती दिले आणि भावाशेजारी मांडी घातली. स्वतः घेतले नव्हते.

"लक्ष्मणदादा, तुम्ही?" पाळकांनी विचारले.

"न्हाई, पाळकसाहेब. आमची सावड हाये. एकाला सोडून दुसऱ्यानं कसं चालावं? तीन महिन्यांनी दोघं मिळून घेऊ."

पाळक प्याला घेऊन पुढच्या ओळीकडे गेले. सामवेलचे खांदे हलत होते. लक्ष्मण समोर पाहत होते.

सोमवारी पहाटे तिफण घेऊन दोघे भाऊ आणि रिबकाबाई पट्टीवर गेले. मी गाडीच्या वेळेआधी तिथे पोचलो. सामवेलने माती दाबली. गोळा झाला नाही. बोटांतून भुगा पडला. वाऱ्याने रविवारीच ओल नेली होती. त्याने दुसऱ्या जागी पाहिले, मग तिसऱ्या.

"दादा, काल—"

"काल रविवार व्हता," लक्ष्मण म्हणाले. "जू काढ. पाव्हण्यांना जल्दी हाये, स्टेशनला सोडून ये."

सामवेल माझी पेटी घेऊन परतूरपर्यंत आला. त्याच्या खांद्याची जखम पाहून मी ती मागितली, पण त्याने दिली नाही, दुसऱ्या खांद्यावर घेतली. सगळी वाट तो पुढच्या वर्षीचे बोलत होता. भावासाठी गोऱ्हा (लहान बैल) वाढवायचा, तोपर्यंत दोन्ही राने एकाच बैलावर आणि आपल्या खांद्यावर करायची.

पुण्यात परतल्यावर संपादकांनी विचारले की प्रभुभोजनाला किती जण होते. मी वहीतला आकडा सांगितला आणि दोघांनी घेतले नाही असे जोडले. कारण विचारले तेव्हा हा सर्व मजकूर लिहावा लागला. कुणी कुणाला क्षमा केली अशा बातम्या मी पुष्कळ दिल्या आहेत. त्या एका ओळीत मावतात. या वेळी क्षमा शुक्रवारी जेवणाच्या वेळी झाली होती आणि तिच्यानंतरचे काम मी निघालो तेव्हाही चालू होते. ओढ्याकडची ती पट्टी यंदा पडीक राहील. तिच्या एका बाजूला सामवेलची ज्वारी आहे. दुसऱ्या बाजूला लक्ष्मणांची, आतापर्यंत उगवली असेल.